बल्बचं किट आणलं, बल्ब पेटला, आता विकायचा कसा? बीआयएस नोंदणीचं रामायण सोप्या भाषेत

सध्या जळगाव, धुळे, नंदुरबार कुठंही जा, एलईडी बल्बचा घरगुती धंदा जोरात चालू आहे. व्हिडिओ बघितला, कॅप (बल्बची धातूची टोपी) बसवायचं पंचिंग मशीन आणि शंभर-दोनशे नगांचं किट मागवलं, घरातल्या दोघांनी सोल्डरिंग शिकून घेतलं की झाला बल्ब तयार. आयटीआय झालेले पोरं करी राहिले, बचत गटाच्या ताया करी राहिल्या, आणि खरं सांगू का, काम चांगलं करतात. पण त्या व्हिडिओत एक गोष्ट कोणी सांगत नाही, ती म्हणजे हा बल्ब दुकानात विकायला ठेवायच्या आधी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरो, वस्तूंची मानकं ठरवणारी केंद्राची संस्था) नोंदणी लागते, आणि ती नसेल तर बल्ब कितीही भारी असू दे, कायद्याच्या भाषेत तो विकता येत नाही. बाजारात नाही, यात्रेत नाही, व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेऊन पण नाही.

म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. बल्ब धरून लिहिलंय कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच असते, बाकी वस्तूंचं अधेमधे येईलच.

पहिलं म्हणजे किट विकणारा जे सांगतो ना, "भाऊ, आपला माल सर्टिफाइड आहे", ते डोक्यातून काढा. त्याच्या ड्रायव्हरला (म्हणजे बल्बच्या आतलं, मेनची वीज एलईडीला झेपेल अशी करणारं सर्किट) बीआयएसचा नंबर असेल, असू द्या, चांगलंच आहे, कारण एलईडी ड्रायव्हरला वेगळं भारतीय मानक (आयएस) आहे, आयएस १५८८५ भाग २ सेक्शन १३, आणि त्याची नोंदणी पण सक्तीची आहे. पण तो नंबर ड्रायव्हरचा. तुम्ही ड्रायव्हर, एलईडी प्लेट, हाऊसिंग, डिफ्युझर (वरचा पांढरा घुमट), कॅप सगळं जोडून जे बनवलं ती नवीन वस्तू झाली, तिचं मानक आयएस १६१०२ भाग १, आणि तिचे उत्पादक तुम्ही. नोंदणी मिळते ती एका जागेवरच्या एका कारखान्याला, एका वस्तूला, ठराविक ब्रँडला आणि ठराविक मॉडेलला. राजकोटच्या, दिल्लीच्या माणसाचा नंबर तुमच्या पाचोऱ्याच्या शेडमध्ये बनलेल्या बल्बवर छापला तर ती सरळ सरळ खोटी खूण झाली, आणि ते पण अंगलट येतं.

डब्यावर सीई, आयएसओ ९००१, आरओएचएस असलं काही छापलेलं असतं, त्याचा इथं काही उपयोग नाही. आयएसओ ९००१ म्हणजे कामाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट, वस्तूचं नाही.

आपली वस्तू कोणत्या खात्यात येते ते आधी बघा

बीआयएसचे मुख्य दोन रस्ते आहेत आणि लोक इथंच गोंधळतात. एक आयएसआय मार्कचा, ज्याला स्कीम १ म्हणतात. यात वायर (आयएस ६९४), इस्त्री (आयएस ३६६), पाणी तापवायचा रॉड (आयएस ३६८), गिझर (आयएस २०८२), स्विच, एमसीबी ही मंडळी २००३ च्या आदेशापासून आहेत, आणि सिलिंग फॅन (आयएस ३७४) साठी २०२३ ला वेगळा आदेश निघाला. या मार्कच्या वर आयएस नंबर असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन नंबर. इथं अधिकारी कारखान्यात येऊन बघतो, टेस्टिंगची सोय बघतो, सॅम्पल घेतो.

दुसरा रस्ता सक्तीच्या नोंदणीचा, स्कीम २, लोक त्याला सीआरएस म्हणतात. हा इलेक्ट्रॉनिक्सवाल्या वस्तूंचा, २०१२ च्या आदेशाने सुरू झालेला, नंतर यादी वाढत गेली. एलईडी बल्ब, एलईडीचे फिटिंग (आयएस १०३२२ चे वेगवेगळे भाग), मोबाईलचा चार्जर, पॉवर बँक, टीव्ही हे सगळं यात. कानबाईच्या वेळेला, गणपती-दिवाळीला ज्या माळा ढिगाने विकल्या जातात ना, त्या पण यातच येतात, हे बऱ्याच दुकानदारांना माहीतच नसतं. इथं नंबर आर ने सुरू होतो, आणि नोंदणीच्या आधी अधिकारी कारखान्यात येत नाही, लॅबचा रिपोर्ट आणि तुमचं स्वतःचं घोषणापत्र यावर काम होतं. म्हणून छोट्या माणसाला हा रस्ता झेपतो. सोपा म्हणून नाही, झेपतो म्हणून.

तिसरं एक आलंय, घरगुती आणि व्यापारी वापराच्या इलेक्ट्रिक उपकरणांसाठी सरसकट एक आदेश, आयएस ३०२ वर आधारलेला. ज्या वस्तूंना वेगळा आदेश नव्हता त्या पण त्याने कक्षेत घेतल्यात. त्याची लागू व्हायची तारीख पुढे ढकलली गेली होती, म्हणून कोणी दोन वर्षांपूर्वीचा पीडीएफ फॉरवर्ड केला तर त्यावर धंदा ठरवू नका, बीआयएसच्या साईटवर सक्तीच्या वस्तूंची यादी आहे, ती त्याच दिवशी उघडून बघा. त्याच साईटवर बहुतेक भारतीय मानकं फुकट डाउनलोड होतात, नाव-मोबाईल टाकून लॉगिन केलं की झालं. इंग्रजीत आहेत, भाषा किचकट आहे, पण चाचण्यांच्या नावांचं पान तेवढं काढून कॉलेजच्या पोराकडून समजून घ्या, एका संध्याकाळचं काम आहे.

आता मेन प्रश्न, स्वतः बनवायचं की बनवून घ्यायचं

हे मी आधीच स्पष्ट सांगतो, पन्नास हजार-लाखाचं भांडवल घेऊन बसलेल्या बचत गटाने पहिल्याच वर्षी स्वतःच्या नावाने नोंदणी काढायच्या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. लॅबची फी, सॅम्पल, नापास झालं तर परत फी, वर बीईईचं (वीज बचतीचं स्टार लेबल देणारी सरकारी संस्था) वेगळं, हा खर्च महिन्याला चार-पाचशे बल्ब विकून निघत नाही. त्यापेक्षा ज्याच्याकडे आधीच नोंदणी आहे अशा कारखान्याशी बोलायचं आणि त्याच्या नोंदणीत आपला ब्रँड वाढवून घ्यायचा. तुम्ही त्याला ब्रँड वापरायचं संमतीपत्र देता, तो अर्ज करून तुमचा ब्रँड त्याच्या नंबरखाली आणतो, माल त्याच्या कारखान्यात बनतो, डब्यावर उत्पादक म्हणून त्याचं नाव-पत्ता आणि मार्केटिंग म्हणून तुमचं. यात अट एकच, बल्ब खरंच तिथंच बनला पाहिजे. सुटे भाग तिथून आणून अमळनेरात जोडले आणि नंबर त्याचा टाकला तर परत तेच, खोटी खूण.

तयार माल विकता विकता गिऱ्हाईक जमलं, कोणतं वॅट जास्त जातं ते कळलं, मग स्वतःच्या शेडचा विचार करा.

दुरुस्तीचं विचारतात काही जण. गिऱ्हाईकाचा बंद पडलेला बल्ब उघडून, ड्रायव्हर बदलून त्यालाच परत दिला तर ती सर्व्हिस झाली. पण जुने बल्ब भंगारातून गोळा करायचे, रिपेर करायचे, नवा डबा घालायचा आणि विकायचे, हे उत्पादन करून विकणंच आहे.

कागदपत्रं, म्हणजे खरी डोकेदुखी

स्वतःच करायचं ठरवलं तर सुरुवात कागदांपासून. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) काढा, ती फुकट आहे, कोणी हजार-दोन हजार मागत असेल तर त्याला नमस्कार करा. उद्यममध्ये तुमचं काम 'मॅन्युफॅक्चरिंग' दाखवलेलं पाहिजे, 'ट्रेडिंग' नाही. मग जीएसटी.

आणि आता पत्ता. हा छोटा विषय वाटतो पण अर्ज अडकतात ते इथंच. आपल्याकडे कसं असतं, लाईट बिल वडिलांच्या नावावर, त्यावर गट नंबर. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर मिळकत नंबर. जीएसटीवर गावातल्या दुकानाचा पत्ता कारण नोंदणी दुकानासाठी केली होती. उद्यमवर घरचा पत्ता. आणि बल्ब बनतात ते मळ्याच्या रस्त्यावरच्या शेडमध्ये. तुमच्या दृष्टीने सगळं एकच आहे, गावात पोस्टमनला पण माहीत आहे, पण दिल्लीत कागद तपासणाऱ्याला ते चार वेगळ्या जागा दिसतात. तो क्वेरी टाकतो, तुम्ही उत्तर देता, तो दुसरी टाकतो, महिना जातो. म्हणून अर्जाच्या आधीच शेडचा पत्ता जीएसटीत ॲडिशनल प्लेस म्हणून टाका, उद्यममध्ये प्लांटचा पत्ता म्हणून टाका, शेड वडिलांच्या नावावर असेल तर साधा भाडेकरार किंवा संमतीपत्र करून घ्या, आणि स्पेलिंग सुद्धा सगळीकडे एकच ठेवा. 'चाळीसगांव' चं स्पेलिंग एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असलं तरी प्रश्न येतो. हसू नका, येतो.

ब्रँडचं नाव पण आत्ताच ठरवा. ट्रेडमार्कचा ऑनलाईन अर्ज व्यक्ती आणि छोट्या उद्योगाला ४५०० रुपयात होतो, बल्ब आणि लायटिंग क्लास ११ मध्ये, वायर-स्विच असेल तर क्लास ९. नाव आधी सर्च करून बघा. मोठ्या कंपनीच्या नावात एक अक्षर इकडं तिकडं करून नाव ठेवायची आपल्याकडे फार हौस आहे, ते करू नका, पुढे आख्खा डबा बदलावा लागतो.

लॅबच्या आधी घरची परीक्षा

आता जो मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो. बहुतेक लोक आधी डबे छापतात, मग लॅबला जातात. उलटं करा. डबा सगळ्यात शेवटी. आधी बल्ब पक्का करा, म्हणजे ड्रायव्हर कोणाचा, एलईडी कोणाची, प्लेट कोणती, हाऊसिंगचं प्लास्टिक कोणतं, कॅप कोणती, वायरची साईज काय, हे सगळं एका कागदावर लिहून गोठवून टाका. अर्जाला जो सुट्या भागांच्या यादीचा फॉर्म लागतो त्यात हेच भरायचं असतं, आणि नोंदणी झाल्यावर यातला महत्त्वाचा भाग गुपचूप बदलता येत नाही. सप्लायर दर आठवड्याला वेगळा ड्रायव्हर पाठवत असेल तर तो सप्लायर तुमच्या कामाचा नाही, कितीही स्वस्त असू द्या.

लॅबमध्ये बल्बचं काय करतात ते कळलं की निम्मी भीती जाते. उजेड किती पडतो हा आयएस १६१०२ च्या भाग २ चा आणि बीईईचा विषय, भाग १ मध्ये फक्त एवढंच बघतात की या बल्बमुळे माणूस मरणार नाही आणि घर पेटणार नाही.

कॅप पिळून बघतात. आपल्या बी-२२ पिनवाल्या कॅपला ३ न्यूटन-मीटरचा पीळ देतात, कॅप हाऊसिंगपासून सुटता कामा नये. घरगुती माल सगळ्यात जास्त इथंच उडतो, कारण हाताच्या पंचिंग मशीनला दाब सारखा बसत नाही, सकाळी ताज्या हाताने मारलेली कॅप घट्ट आणि चार वाजता दमलेल्या हाताने मारलेली ढिली. बल्ब होल्डरमधून काढताना कॅप आतच राहिली आणि काचेचा—म्हणजे आता प्लास्टिकचा—भाग हातात आला, हे कोणी बघितलं नाही? आत उघडी जिवंत पिन असते. म्हणून ही चाचणी.

मग दमट पेटीत ठेवतात, ४८ तास, ९१ ते ९५ टक्के आर्द्रतेत. बाहेर काढून लगेच इन्सुलेशन मोजतात, ५०० व्होल्ट डीसी लावून निदान ४ मेगाओहम यायला पाहिजे, आणि त्यानंतर हाय व्होल्टेज लावतात. आता गंमत बघा, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हवा एवढी कोरडी असते की कसाही बनवलेला बल्ब मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) मस्त रीडिंग देतो. पोरं खुश होतात. तोच बल्ब मुंबईच्या लॅबच्या पेटीत दोन दिवस बसला की सोल्डरिंगचा राहिलेला फ्लक्स, प्लेटच्या कडेला लागून गेलेली वायर, स्क्रूच्या जवळ आलेला ट्रॅक, सगळं बाहेर पडतं. डीओबी प्लेट वापरत असाल, म्हणजे ड्रायव्हर प्लेटवरच असलेली, तर जास्तच सांभाळा, तिथं मेन लाईन आणि ॲल्युमिनियम यांच्यात अंतर फार थोडं असतं. घरी टेस्ट करायची तर पावसाळ्यात करा, किंवा झाकणाच्या डब्यात खाली पाणी, वर जाळीवर बल्ब असं दोन दिवस ठेवून, बाहेर काढून पुसून लगेच मेगर लावा. लॅबसारखं अचूक नाही, पण कच्चा माल कळतो.

टोकाला सांध्यासारखं वाकणारं एक धातूचं बोट असतं, ते सगळीकडून लावून बघतात की जिवंत भागाला टेकतं का. प्लास्टिकला ६५० अंशाची लालबुंद तार टेकवतात, प्लास्टिक पेटून जळत राहिलं की नापास. भंगाराच्या दाण्यातून काढलेलं स्वस्त हाऊसिंग इथं टिकत नाही, आणि ते नुसतं बघून कळत नाही, वजनाला सुद्धा सारखंच लागतं. सप्लायरकडे प्लास्टिकचा ग्रेड आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट लेखी मागा. शिवाय आतला एखादा पार्ट मुद्दाम शॉर्ट करून बघतात की बल्ब शांतपणे बंद पडतो की आग धरतो.

एक ५०० व्होल्टचा मेगर आणि एक हाय-पॉट टेस्टर (हाय व्होल्टेज लावून बघायचं यंत्र) एवढं तरी शेडमध्ये ठेवा, आणि रोज लॉटमधले काही नग तपासून वहीत लिहा. वही लिहायला जड जातं, माहितीये, पण पुढे कोणी तक्रार केली तर तुमच्या बाजूने बोलणारी तीच एक असते.

लॅब आणि अर्ज

सीआरएसच्या पोर्टलवर उत्पादक म्हणून लॉगिन काढायचं, तिथूनच टेस्ट रिक्वेस्ट काढायची आणि मान्यताप्राप्त लॅब निवडायची. लॅबची यादी बीआयएसकडेच आहे, आणि लॅब मान्यताप्राप्त आहे एवढं बघून भागत नाही, ती तुमच्या त्या मानकासाठी मान्यताप्राप्त आहे का ते बघा. मुंबई-पुण्यात बऱ्याच आहेत. नंदुरबार, नवापूर, शहादा बाजूच्यांना वडोदरा सोयीचं पडतं, तिथं ईआरडीए ही मोठी जुनी संस्था आहे, खास करून वायर, मोटर, स्विचगिअरवाल्यांनी तिथं चौकशी करावी. दोन-तीन ठिकाणचं कोटेशन घ्या, दरात चांगला फरक असतो, आणि नापास झालं तर परत टेस्टिंगचे किती ते आधीच विचारून ठेवा.

पाच वॅट, सात, नऊ, बारा असे सगळे वेगवेगळे टेस्ट करायची गरज नसते, एकाच बनावटीची मालिका असेल तर बीआयएसच्या नियमाप्रमाणे मेन मॉडेलच्या टेस्टवर बाकीचे बसवता येतात. कोणतं मॉडेल मेन धरायचं हे लॅबवाल्याला विचारा, तो रोज तेच करतो. पण त्यासाठी बनावट खरंच एक पाहिजे, नऊ वॅटमध्ये ड्रायव्हर वेगळा आणि पाच वॅटमध्ये डीओबी असं असेल तर ती मालिका नाही.

रिपोर्ट हातात आला की ९० दिवसांच्या आत अर्ज टाकायचा, नाहीतर रिपोर्ट शिळा धरतात. म्हणूनच कागदांचं मी आधी सांगितलं. रिपोर्ट आल्यावर पत्ते दुरुस्त करत बसलात तर ९० दिवस कुठं जातात कळत नाही, मध्ये एखादी दिवाळी आली की संपलंच. अर्ज, फी, कागद अपलोड, मग क्वेरी आली तर उत्तर. ईमेल रोज बघा, क्वेरी ईमेलवर येते आणि आपल्याकडे ईमेल सीएने काढून दिलेला असतो, पासवर्ड त्याच्याकडे. तो आधी स्वतःकडे घ्या.

एजंट घ्यावा का? घ्या, हरकत नाही, पण लॉगिन तुमच्या मोबाईलवर आणि तुमच्या ईमेलवर पाहिजे. आणि "टेस्ट न करता नंबर काढून देतो" म्हणणारा भेटला की तिथूनच मागे फिरा.

नोंदणी झाली की आर नंबर मिळतो, सुरुवातीला दोन वर्षांसाठी. आता छापा डबे. बल्बवर आणि डब्यावर मार्क, आयएस नंबर, आर नंबर, तसंच व्होल्टेज, वॅट, फ्रिक्वेन्सी हे सगळं टिकाऊ छपाईत पाहिजे. बोटाने घासलं की जाणारी शाई चालत नाही, लॅबमध्ये आधी पाण्याच्या आणि मग स्पिरिटसारख्या द्रवाच्या फडक्याने घासून बघतात.

डब्याचे बाकीचे नियम बीआयएसचे नाहीत, वैधमापनवाल्यांचे आहेत, जे काटे-मापं तपासायला येतात तेच खातं. वस्तूचं नाव, उत्पादकाचं पूर्ण नाव-पत्ता, नग संख्या, बनवल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. आणि पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत त्यांच्याकडे उत्पादक-पॅकर म्हणून नोंदणी करायची. एलईडी बल्बला बीईईचं स्टार लेबल पण बंधनकारक आहे, त्याचा अर्ज वेगळा, रिपोर्ट वेगळा, म्हणून लॅबला माल देताना भाग १ आणि भाग २ दोन्हीचं एकदमच विचारून घ्या. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमातून सूक्ष्म उद्योग वगळलेले आहेत, उद्यमवर तुम्ही 'मायक्रो' असाल तर सध्या ती एक फाईल कमी.

कूलरवाल्या भावांसाठी चार शब्द

भुसावळ, जळगाव म्हटलं की ४५ अंश, आणि फेब्रुवारी संपला की प्रत्येक गावात पत्र्याचे कूलर बनायला लागतात. पत्र्याची बॉडी, एक्झॉस्टचा पंखा, पाण्याचा पंप, गवताच्या जाळ्या. नियमाचा भाग वर सांगितलाच, आयएस ३०२ च्या नवीन आदेशात आपण कुठं बसतो ते प्रत्येकाने बघून घ्यावं. पण नियम काहीही असो, पत्रा, पाणी आणि करंट तिन्ही एकत्र असलेली ही वस्तू आहे, आणि दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकची बातमी येतेच.

तीन कोरची वायर वापरा. दोन कोरची वायर आणि दोन पिनचा प्लग लावलेला कूलर म्हणजे बॉडीला अर्थिंगच नाही, पंपाचं सील गेलं की आख्खा पत्रा जिवंत. हिरवी वायर बॉडीला नुसती पिळून अडकवू नका, रंग खरवडून, लग लावून, दात्याच्या वॉशरने नटबोल्ट करा. वायर पत्र्यातून जिथं आत जाते तिथं रबरी ग्रोमेट टाका, नाहीतर पंख्याच्या थरथरीने पत्र्याची कड वायर कापते. स्विच आणि जोड पाण्याच्या टाकीच्या वर, जाळीवरून थेंब पडणार नाहीत अशा जागी. वायर आयएसआय घ्या, पन्नास रुपये वाचवायला बिनमार्कची घेऊ नका. आणि गिऱ्हाईकाला सांगा की घरात ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसव, कूलर चालू असताना पाणी भरू नको. हे एका कागदावर छापून कूलरवर चिकटवलं तर अजून चांगलं.

फक्त दुकान आहे त्यांनी काय करायचं

दुकानदार म्हणतात, आम्ही थोडी बनवतो, आम्हाला काय. तर २०१६ च्या बीआयएस कायद्याचं कलम १७ नुसतं बनवणाऱ्याला लागू नाही, विकणारा, वाटप करणारा, भाड्याने देणारा, एवढंच काय विक्रीसाठी साठवून किंवा मांडून ठेवणारा सुद्धा त्यात आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पहिल्या वेळेस कमीत कमी २ लाख आणि नंतर कमीत कमी ५ लाख दंड, जो मालाच्या किमतीच्या दहा पट जाऊ शकतो, किंवा दोन्ही. म्हणजे जळगावच्या फुले मार्केटच्या गाळ्यात लटकवलेला बिनमार्कचा रॉड विकला गेला नाही तरी लटकवला म्हणून पुरे.

तपासायला मोबाईलवर बीआयएस केअर ॲप टाका. सीएम/एल नंबर किंवा आर नंबर टाकला की कंपनीचं नाव, पत्ता, ब्रँड, लायसन चालू आहे की बंद, सगळं दिसतं. नंबर निघाला म्हणून खुश होऊ नका, पुढचं बघा. नंबर इस्त्रीचा असतो आणि छापलेला असतो रॉडवर. ब्रँड वेगळाच असतो. लायसन संपून वर्ष झालेलं असतं. मालाचा ट्रान्सपोर्ट उतरला की प्रत्येक वस्तूचा एक डबा हातात घेऊन हे करायला चहा होईपर्यंतचा वेळ लागतो. आणि बिल पक्कंच घ्या, त्यावर ब्रँड आणि मॉडेल लिहून. "चिठ्ठीवर स्वस्त पडेल" म्हणणाऱ्याचा माल पकडला गेला तर तो कोण, कुठला, हे सांगायला तुमच्याकडे काहीच उरत नाही, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष वस्तूची जबाबदारी विक्रेत्यावर पण येऊ शकते.

सारंगखेड्याच्या यात्रेत, आठवडे बाजारात हातगाडीवर लायटिंग लावणाऱ्यांना पण हेच.

नंबर मिळाल्यावर

काम संपत नाही. बीआयएस बाजारातून तुमचाच बल्ब उचलून परत टेस्ट करू शकते, त्याचा खर्च उत्पादकाकडून घेतात, आणि नापास झाला तर नोंदणी थांबवतात किंवा रद्द करतात. म्हणून सॅम्पलला एक आणि बाजारात एक असं चालत नाही. ड्रायव्हरचा सप्लायर बदलायचा असेल तर आधी कळवा, लागली तर टेस्ट करा, मग बदला. शेड बदलली, समजा घरून एमआयडीसीत गेलात, तर जुना नंबर आपोआप सोबत येत नाही, नोंदणी त्या जागेची असते. मानकाची नवीन आवृत्ती आली की ठराविक मुदतीत नवीन रिपोर्ट द्यावा लागतो, त्याचं परिपत्रक ईमेलवर आणि साईटवर येतं. नूतनीकरण दोन ते पाच वर्षांचं करता येतं, मुदतीच्या तीन-चार महिने आधीची तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा, कारण मुदत संपल्यावर बनवलेल्या मालावर मार्क टाकता येत नाही आणि गोडाऊनमध्ये छापून ठेवलेले डबे तसेच पडून राहतात.